कागदी आरमार: आधी वजन, मग रेघ

काल्पनिक आरमारासाठी युद्धनौका आखणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काहींनी चित्रंही सोबत जोडली होती. हिशेब हवेत राहू नयेत म्हणून बहुतेक उत्तरांत एकच नमुना वापरला आहे: साल १९३२ च्या आसपासची हलकी क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका), पाणरेषेवर लांबी १६५ मीटर, रुंदी १७ मीटर, आणि पाण्याखाली बुडालेली खोली, म्हणजे ड्राफ्ट, ५.६ मीटर.

प्रश्न: मी नेहमी तोफांपासून सुरुवात करतो आणि मग जहाज पुरत नाही. सुरुवात कुठून करावी?

आरमारापासून. जहाज काढायला घेण्याआधी एका कागदावर सहा ओळी लिहा. समुद्र कोणता, उथळ की खोल? बंदरापासून किती सागरी मैल जाऊन परत यायचं? भीती कोणाची? देशातली सगळ्यात मोठी सुकी गोदी किती लांब-रुंद? तोफा आणि चिलखताचं पोलाद घरचं की विकतचं? आणि साल कोणतं?

यातली गोदीची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि खरं बंधन तीच घालते. अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या युद्धनौका साधारण १०८ फूट रुंद होत्या, कारण पनामा कालव्याचे जुने लॉक, म्हणजे जहाज वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे, ११० फूट रुंद होते. एवढी ८८७ फूट लांब नौका, पण तिची रुंदी ठरली ती कालव्याच्या भिंतींवरून. तुमच्या देशातली गोदी १८० मीटरची असेल तर २०० मीटरची क्रूझर काढू नका. काढलीच, तर ती खरवडायला आणि रंगवायला कुठे नेणार हेही ठरवा.

तुमच्या जगात आरमारं मर्यादित करणारा तह असेल तर त्याचे आकडे सगळ्यात आधी लिहा. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने क्रूझरला १०,००० टन आणि ८ इंची तोफा अशी कमाल मर्यादा घातली, आणि लगेच सगळ्या मोठ्या आरमारांनी बरोबर तेवढ्याच क्रूझर बांधायला घेतल्या. कमाल मर्यादा म्हणून लिहिलेला आकडा हां हां म्हणता किमान होऊन बसतो. काल्पनिक इतिहास खरा वाटायला हा स्वभाव फार उपयोगी पडतो.

प्रश्न: माझ्या जहाजाचं वजन मी अंदाजाने लिहितो. नेमकं कसं काढायचं?

तरंगतं जहाज स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं. म्हणून बुडालेल्या भागाचं घनफळ काढलं की वजन आलं. लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट यांचा गुणाकार म्हणजे एक खोकं. जहाज त्या खोक्याचा किती भाग व्यापतं तो ब्लॉक गुणांक. विनाशिकांना साधारण ०.४५ ते ०.५२, क्रूझरना ०.५० ते ०.५५, जुन्या जाडजूड युद्धनौकांना ०.६० च्या आसपास धरा.

आपल्या नमुन्याचं गणित: १६५ × १७ × ५.६ × ०.५२ म्हणजे सुमारे ८,१७० घनमीटर. समुद्राच्या पाण्याचं वजन घनमीटरला १.०२५ टन, म्हणून ८,३७० टन.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, डेकवरची पूर्ण लांबी धरली जाते. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे झुकलेली असते, मागचं टोकही पाण्याबाहेर लोंबतं, त्यामुळे पाणरेषेवरची लांबी चार-पाच मीटरने सहज कमी भरते. दुसरी चूक जास्त महागात पडते: वर आलेले ८,३७० टन हे इंधनाने भरलेल्या जहाजाचं वजन आहे. वॉशिंग्टन तहातलं ‘स्टँडर्ड’ वजन म्हणजे माणसं, दारूगोळा आणि रसद भरून समुद्रात जायला तयार असलेलं जहाज, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून. आपल्या क्रूझरचं ते ६,७०० टनांच्या आसपास येईल. खऱ्या जहाजाशी तुलना करताना दोन्हीकडे एकच व्याख्या आहे ना, ते बघा. ब्रिटिश टन मेट्रिक टनापेक्षा १.६ टक्क्यांनी जड असतो, हा गोंधळ वेगळाच.

प्रश्न: क्रूझरचा वेग ४० नॉट (तासाला ४० सागरी मैल) लिहिला तर काय बिघडलं?

लिहिणं फुकट आहे, इंजिनं फुकट नाहीत. जुना अॅडमिरल्टी सूत्राचा ठोकताळा असा: वजनाचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा, त्याला वेगाच्या घनाने गुणा आणि एका गुणांकाने भागा. उत्तर अश्वशक्तीत येतं. गुणांक मनाने घ्यायचा नाही. तुमच्या जहाजासारखं एखादं खरं जहाज घेऊन उलटं गणित करायचं आणि मिळेल तो वापरायचा. १९०६ च्या ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेचं वजन सुमारे १८,१०० टन, शक्ती २३,००० आणि वेग २१ नॉट. तिचा गुणांक २७८ येतो. वेगवान हलक्या क्रूझरचा बराच खाली, १९० च्या घरात असतो. ड्रेडनॉटचा गुणांक क्रूझरला लावलात तर इंजिनं फुकटात छोटी झाल्यासारखी दिसतील.

आपल्या ८,३७० टनांसाठी वजनाचा भाग ४१२ येतो. ३२ नॉटला १९० च्या गुणांकाने शक्ती येते सुमारे ७१,०००. हे त्या काळाला धरून आहे. आता ४० नॉट घाला: शक्ती जवळजवळ दुप्पट, १,३९,०००. आणि हाही आकडा उदारच, कारण वेग वाढतो तसा गुणांक आणखी घसरतो. त्या काळच्या क्रूझरच्या यंत्रसामग्रीचं वजन अश्वशक्तीमागे साधारण २० किलो धरलं तर १,४२० टनांची इंजिनं २,७८० टनांवर गेली. वरचे १,३६० टन आणणार कुठून? चिलखत आणि मुख्य तोफा दोन्ही काढून टाकल्या तरी पुरणार नाहीत.

लांबीचाही संबंध आहे. जहाज स्वतः उठवलेल्या लाटेवर बसून चालतं. ३२ नॉटला ती लाट सुमारे १७३ मीटर लांब असते, म्हणजे आपल्या क्रूझरएवढीच. १०० मीटरच्या जहाजाची ही वेळ २४ नॉटलाच येते, आणि तिथून पुढे प्रत्येक नॉटसाठी लाटेचा चढ चढत राहावं लागतं. हलक्या विनाशिका भरपूर शक्ती लावून तो चढतात. जड आणि आखूड जहाजाला ते जमत नाही. म्हणून वेग हवा असेल तर इंजिन फुगवण्याआधी जहाज लांब करून बघा.

प्रश्न: चिलखत किती जाड ठेवावं?

उरलेल्या वजनाइतकं. आधी ६,७०० टनांची वाटणी करा. सांगाडा आणि जोडसामान ३,२००, यंत्रं १,४२०, तोफा, टॉर्पेडो आणि दारूगोळा मिळून ८००, माणसं, बोटी, नांगर, रसद ४८०. राहिले ८००. ही वाटणी सुरुवातीचा अंदाज म्हणून धरा. काळ आणि आरमार बदललं की टक्केही हलतील.

पोलादाचं वजन घनमीटरला ७.८५ टन. बॉयलर, इंजिनं आणि दारूकोठारं झाकणारा पट्टा ८० मीटर लांब, ३.५ मीटर उंच, १०० मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंना: ४४० टन. त्याच्यावरचा डेक ८० बाय १५ मीटर, ३० मिलिमीटर जाड: २८३ टन. झाले ७२३. टरेटच्या, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजांच्या, भिंती, त्यांच्याखालचे बार्बेट, म्हणजे चिलखती नळकांडी, आणि सुकाणूचं यंत्र यांच्यासाठी ७७ टन उरले. ते पुरणार नाहीत, मग पट्टा ९० मिलिमीटरवर आणायचा. जहाज आखणं म्हणजे ही ओढाताणच आहे. पट्टा २०० मिलिमीटर लिहिलात तर आणखी ४४० टन लागले, आणि ते कोणाच्या ताटातून काढले हे चित्रात दिसायला हवं.

बारीक पण हमखास दिसणारी चूक: चिलखती पट्ट्यावर गोल खिडक्यांची रांग. पट्ट्याला भोकं पाडत नाहीत. खिडक्या त्याच्या वर, किंवा पुढच्या-मागच्या बिनचिलखती भागात.

प्रश्न: सोबतच्या चित्रात १६५ मीटरच्या क्रूझरवर ६ इंची तीन तोफांचे पाच टरेट आहेत. जागेत बसतात. तरी ‘डोकं जड’ असा शेरा मिळतो. का?

चित्र नीट मोजलं. टरेट लांबीत बसतात, हे खरं. शेरा उंचीबद्दल आहे.

जहाज सरळ ठेवणारी गोष्ट म्हणजे दोन उंचींमधला फरक. एक आकाराने ठरते, तिला मेटासेंटर म्हणतात. दुसरी वजनाने ठरते, ती गुरुत्वमध्याची. मेटासेंटर वर आणि गुरुत्वमध्य खाली हवा. पहिली उंची दोन तुकड्यांत निघते. बुडालेल्या भागाचा मध्य: ड्राफ्ट गुणिले कंसात ०.८३३ वजा ब्लॉक गुणांक भागिले पाणरेषा गुणांकाची तिप्पट. पाणरेषा गुणांक म्हणजे पाणरेषेवरच्या आकाराने लांबी-रुंदीच्या चौकोनाचा व्यापलेला भाग; आपला ०.७०. उत्तर ३.२८ मीटर. त्यात मिळवायचा दुसरा तुकडा: पाणरेषा गुणांकाचा वर्ग गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले ११.७ × ड्राफ्ट × ब्लॉक गुणांक. तो ४.१६. म्हणजे मेटासेंटर तळापासून ७.४४ मीटरवर. तीन टरेटच्या क्रूझरचा गुरुत्वमध्य ६.५ मीटर धरू. फरक ०.९४ मीटर, छान.

आता तुमचे जादा दोन टरेट. प्रत्येकी सुमारे १५० टन, आणि ते दुसऱ्यांच्या डोक्यावरून मारा करणारे, म्हणून त्यांचा मध्य तळापासून १३ मीटरवर. गुरुत्वमध्य ६.७२ वर सरकला आणि फरक ०.७२ वर आला. बंदरात हे खपून जाईल. पण इंधन असतं तळाला. १,२०० टन इंधन जाळून झालं की खालचं वजन गेलं, वरचं तसंच राहिलं. हिशेब पुन्हा करा: तीन टरेटच्या जहाजाला परतीच्या वाटेवर अर्धा मीटर तरी शिल्लक राहतो. तुमच्या जहाजाकडे उरतात जेमतेम २० सेंटिमीटर. त्यात एखादी कोठी फुटली किंवा जोराच्या वळणावर आडवा वारा लागला, की खेळ संपला.

हे कागदी भय नाही. जपानची तोमोझुरु ही छोटी टॉर्पेडो नौका १२ मार्च १९३४ रोजी वादळात उलटली. तिच्या आकाराला न पेलणारी शस्त्रं तिच्यावर चढवली होती. त्याआधी १८७० मध्ये ब्रिटनची कॅप्टन ही शिडं आणि टरेट दोन्ही असलेली नौका उलटली. आखताना पाण्यावर ८ फूट उंच ठरवलेली तिची बाजू, बांधणीत वजन वाढल्यामुळे, साडेसहा फुटांवर आली होती. तिचा आराखडा मांडणारे कूपर कोल्स स्वतः तिच्यावर होते आणि तिच्याबरोबरच गेले.

उपाय तीन आहेत. चार टरेट ठेवा आणि वरचे हलके, दोन-दोन तोफांचे करा. किंवा रुंदी १८.५ मीटर करा; रुंदीचा वर्ग येत असल्याने फायदा भरघोस होतो, वेग मात्र थोडा खातो. किंवा पाचच ठेवा, पण जहाज १०,००० टनांच्या वर न्या. रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरण्याचा चौथा मार्ग खरी आरमारं वापरतात, पण पुढच्या वेळी इंधनात पाणी मिसळण्याची डोकेदुखी त्याच्याबरोबर येते.

प्रश्न: बाजूचं चित्र चांगलं जमतं. वरून दिसणारं काढायलाच हवं का?

हवंच. बाजूच्या चित्रात सगळं झाकलं जातं. पहिला टरेट नाळेच्या किती जवळ नेता येतो, हे वरूनच कळतं.

पाणरेषेची लांबी दहा भागांत वाटा. सडपातळ क्रूझरसाठी पुढून मागे रुंदीचे टक्के साधारण असे ठेवा: ०, २८, ५५, ७८, ९३, १००, १००, ९६, ८६, ६५, ०. (बेरीज ७०१, दहाने भागलं की ०.७०, वरचा पाणरेषा गुणांक इथूनच येतो. स्वतःचे आकडे घेताना हा ताळा करा.) आता पहिला टरेट नाळेपासून दहा टक्क्यांवर, म्हणजे १६.५ मीटरवर ठेवला तर तिथे पाणरेषेवर जहाज ४.७६ मीटर रुंद आहे. तीन तोफांच्या टरेटच्या खालचा बार्बेट सहा मीटरच्या आसपास. डेक वर पसरट असल्याने टरेट चित्रात मावतो, पण खाली दारूकोठारापर्यंत जाणारी विहीर बाजू फोडून बाहेर येईल. वीस टक्क्यांवर रुंदी ९.३५ मीटर मिळते, तिथे जमतं. खऱ्या क्रूझरचा पुढचा डेक इतका लांब आणि मोकळा का दिसतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

वरच्या चित्रात प्रत्येक टरेटभोवती तोफेच्या टोकापर्यंतच्या लांबीचं वर्तुळ फिरवा. त्यात बोट, क्रेन, विमानविरोधी तोफ काय काय अडकतं ते लगेच दिसतं. तोफेचा भडकाही मोजायला विसरू नका. ब्रिटनच्या नेल्सन वर्गातल्या युद्धनौकांवर तिन्ही टरेट पुढे होते. चिलखताची लांबी त्यामुळे वाचली, पण तिसऱ्या टरेटने मागच्या दिशेला वळून मारा केला की भडका थेट ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीवर, येई.

प्रश्न: डोलकाठी धुराड्याच्या पुढे की मागे?

पुढे. ड्रेडनॉटवर पुढची डोलकाठी पहिल्या धुराड्याच्या मागे उभी केली होती, आणि वर बसून नेम पाहणाऱ्यांना धूर नि झळ दोन्ही खावी लागली. जहाज २० नॉटने चाललं की वारा नसतानाही सेकंदाला दहा मीटरचा झोत पुढून मागे वाहतो, हे चित्र काढताना मनात ठेवा. आणि धुराडं बॉयलरच्या वर हवं. दोन धुराड्यांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं असेल, तर त्यांच्यामध्ये इंजिनखोली आहे, हे तुम्ही सांगून टाकलं. तसं नसेल तर अंतर कमी करा.

प्रश्न: संगणकावर पिक्सेलने काढायचं आहे. प्रमाण काय घ्यावं आणि बारकावे किती?

या छंदात रुळलेलं प्रमाण एका पिक्सेलला ६ इंच, म्हणजे फुटाला दोन पिक्सेल. आपली क्रूझर पाणरेषेवर १,०८३ पिक्सेल होते. ६ इंची, ५० कॅलिबरची तोफ म्हणजे नळी व्यासाच्या ५० पट, ३०० इंच. बरोबर ५० पिक्सेल. त्यातला साधारण दोन तृतीयांश टरेटबाहेर दाखवा. पूर्ण ५० बाहेर काढले की तोफा सळयांसारख्या दिसतात.

माणूस ११ पिक्सेल, कठडा ७, दोन डेकमधली उंची १५, शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर २. सगळ्यात आधी एक माणूस काढून कोपऱ्यात ठेवा आणि प्रत्येक भाग त्याच्याशी ताडून बघा. ज्या ब्रिजच्या खिडकीतून फक्त मांजर डोकावू शकेल, तो ब्रिज तिथल्या तिथे पकडला जातो.

काम या क्रमाने करा. पाणरेषा. मग डेकची रेघ: पुढच्या टोकाची पाण्यावरची उंची फुटांत लांबीच्या वर्गमुळाच्या १.१ पट, हा एक जुना ठोकताळा आहे. आपली ५४१ फूट लांबी घेतली तर साडेपंचवीस फूट, ५१ पिक्सेल. मधे ती उतरू द्या. सरळ पट्टीने ओढलेला डेक जहाजाला ट्रक बनवतो. मग बार्बेट, बॉयलर आणि इंजिनखोल्यांचे चौकोन फिक्या रंगात वेगळ्या थरावर. टरेट, धुराडी, ब्रिज त्यांच्यावर बसवा, उलट नाही. जहाज ढकलणारे पाण्याखालचे पंखे आणि सुकाणू: सुमारे साडेतीन मीटर व्यासाचा पंखा ड्राफ्टमध्ये मावून तळापाशी जागा उरली पाहिजे. बोटी, क्रेन, नांगराची साखळी, दोऱ्या शेवटी. नांगर काढला तर त्याची साखळी डेकवर ओढणारं यंत्रही काढा, नाहीतर तो कायमचा तिथेच.

कागदावर काढणाऱ्यांसाठी: १:५०० ला आपली क्रूझर ३३ सेंटिमीटर, ए-३ कागदावर सुखाने बसते. माणूस ३.४ मिलिमीटर. बाह्यरेषेला ०.३ चं पेन, आतल्या रेषांना ०.१. दोरखंड आणि कठडे पेन्सिलीनेच सोडले तरी चालतात. शाईत ते जाड होतात.

प्रश्न: माझी आठ जहाजं आठ देशांची वाटतात. एकाच आरमाराची कशी दिसतील?

सुट्या भागांचा एक तक्ता करा. आरमाराकडे साधारण तीन मापांच्या तोफा, दोन प्रकारचे टॉर्पेडो-मारे, एक विमानविरोधी तोफ, बोटींची दोन मापं. हे एकदाच नीट काढा आणि प्रत्येक जहाजावर तेच ठेवा. धुराड्याची टोपी, ब्रिजचा आकार, मागच्या टोकाची वळणं हेही घरचं ठेवा. एखादं जहाज परदेशी कारखान्यातून विकत घेतलेलं असेल तर ते मुद्दाम वेगळं दिसू द्या.

नंतर वय घाला. १९३० चं जहाज १९४२ मध्ये तसंच राहत नाही: विमान उडवण्याची रेल आणि काही टॉर्पेडो जातात, २० मिलिमीटरच्या ओर्लिकोन आणि ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा मिळेल त्या कोपऱ्यात उगवतात, डोलकाठीवर रडार चढतं. हे सगळं वरचं वजन आहे, म्हणून काहीतरी उतरवावंच लागतं. जपानच्या मोगामी वर्गावर आधी तीन-तीन तोफांचे १५.५ सेंटिमीटरचे पाच टरेट होते. नंतर ते काढून दोन-दोन तोफांचे २०.३ सेंटिमीटरचे पाच बसवले, आणि उतरवलेल्यांपैकी काही टरेट यामातो वर्गाच्या युद्धनौकांवर दुय्यम तोफा म्हणून गेले. तुमच्या आरमारातही टरेटला असा दुसरा जन्म द्या. एका चित्राची तीन होतात, आणि इतिहास आपोआप लिहिला जातो.

संख्या लिहिताना: कामावर एक जहाज कायम हवं असेल तर तीन लागतात. एक तिथे, एक दुरुस्तीत, एक येण्याजाण्यात किंवा सरावात.

प्रश्न: आधुनिक फ्रिगेटला हे सगळं लागू पडतं का?

तरंगण्याचं गणित तेच. फरक इतका, की आजचं जहाज वजनाआधी जागेने भरतं: इलेक्ट्रॉनिक खोल्या, हेलिकॉप्टरचा हँगर, माणसांच्या राहण्याच्या सोयी. उभ्या क्षेपणास्त्रनळ्या डेकवर झाकणांसारख्या दिसतात म्हणून कुठेही ठेवल्या जातात. मार्क ४१ या अमेरिकी नळ्यांची सगळ्यात लांब आवृत्ती पावणेआठ मीटरच्या आसपास खोल असते, म्हणजे तीन डेक. नळ्यांच्या खाली काय आहे ते काढून बघा. पुष्कळदा तिथे इंजिन सापडतं.

रडार उंच ठेवण्यालाही किंमत आहे. किती लांबचं दिसेल ते अंतर सागरी मैलांत काढायचं तर रडारची आणि येणाऱ्या वस्तूची अशा दोन्ही उंचींची (मीटरमध्ये) वर्गमुळं मिळवून २.२ ने गुणा. पाण्यावरून तीन मीटर उंचीने येणारं क्षेपणास्त्र १६ मीटरवरच्या रडारला साडेबारा मैलांवर दिसतं, २५ मीटरवरच्याला पावणेपंधरावर. सेकंदाला ३०० मीटर वेग असेल तर या फरकातून १३-१४ सेकंद जास्त मिळतात. ते हवे असतील तर डोलकाठी उंच करा आणि पाचव्या प्रश्नाच्या उत्तराकडे परत जा.

प्रश्न: पूर्ण झालेलं चित्र जतन केलं की कडा मळकट होतात. का?

जेपीजीत जतन केल्यामुळे. तो प्रकार शेजारचे रंग एकमेकांत मिसळतो, आणि एका पिक्सेलच्या रेषेचं त्यात वाटोळं होतं. पीएनजी वापरा. मोठं करून दाखवायचं असेल तर दुप्पट किंवा तिप्पट असं पूर्णांकातच करा आणि रंग गुळगुळीत करण्याचा पर्याय बंद ठेवा. मूळ थरांची फाईल वेगळी राखा, १९४२ ची दुरुस्ती त्यातूनच काढायची आहे.